अदलाबदलीच्या कोंबड्या आणि घरातली मुलं: कुठल्या क्रमाने काय करायचं

कोंबड्यांची अदलाबदल हा वरवर अगदी सोपा व्यवहार आहे. एकाकडे कोंबडे जास्त झालेले असतात, दुसऱ्याकडे तलंगा (अजून अंडी न देणाऱ्या तरुण कोंबड्या). ठरलेल्या दिवशी सगळे एका जागी जमतात, खोक्यांत-पिंजऱ्यांत पक्षी आणतात, बघतात, बदलतात आणि घरी जातात. गडबड होते ती जवळजवळ नेहमी एकाच जागी: लोक पक्षी आधी आणतात आणि ते ठेवायचे कुठे याचा विचार नंतर करतात. सोबत मुलं असली की दोनाचे पाच पक्षी होतात. घरी पोचेपर्यंत अंधार पडलेला असतो, आणि नवे पक्षी 'आजच्या रात्रीपुरते' जुन्या कोंबड्यांच्या खुराड्यात जातात. नव्यांपैकी एकालाही काही लागलेलं असेल, तर काही दिवसांतच अख्खं खुराडं शिंकायला लागतं.

म्हणून खाली मेळावा थेट चौथ्या टप्प्यावर येतो. आधीचे तीन टप्पे झाले नसतील तर या वेळी जाऊ नका.

## टप्पा १: घरात बसून घ्यायचे निर्णय

पाळायला परवानगी आहे का, किती पक्षी चालतात, कोंबडा चालतो का, हे तुमच्या भागाच्या नियमांत बघून घ्या. शेजाऱ्यांशी आधीच बोला. कोंबडा पहाटे आरवायला लागल्यावर बोलणं अवघड जातं. बर्ड फ्लूची साथ असेल तेव्हा पक्ष्यांची ने-आण आणि मेळावे यांवर निर्बंध येतात, तेही तपासा. आणि कोंबड्या बघणारा पशुवैद्य आजच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे अनेक डॉक्टर कोंबडीला हात लावत नाहीत, आणि हे कळतं नेमकं कोंबडी मान टाकून बसलेली असताना.

किती पक्षी? तीनपेक्षा कमी नकोत. कोंबडी कळपात राहणारी आहे. एकटी ठेवली तर ती भेदरून राहते, आणि दोनांपैकी एक गेली की उरलेली पुन्हा एकटीच.

आता मुलांशी करायचं अवघड बोलणं. या कोंबड्या लाडाच्या, अंड्यांच्या की पुढे खायच्या? कोंबडी पहिली दोन-तीन वर्षं चांगली अंडी देते, पण नीट सांभाळली तर सहा-आठ वर्षं सहज जगते. अंडी थांबल्यावर तिचं काय? पिल्लं घेतली तर साधारण निम्मे नर निघतील, त्यांचं काय? याचं उत्तर पक्षी घरात येण्याआधी द्या आणि मग ते फिरवू नका. 'बघू नंतर' असं सांगितलेलं मूल सहा महिन्यांनी कोंबड्याला नाव ठेवून बसलेलं असतं.

तपासा: घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, ६५ च्या पुढचं कोणी किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस आहे का? वरून ठणठणीत दिसणाऱ्या कोंबडीच्याही विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. ते पिसांवर, भांड्यांवर, जमिनीवर पसरतात आणि या लोकांना जास्त त्रास देतात. म्हणून कोंबड्या पाळूच नयेत असं नाही. पण पाच वर्षांखालच्या मुलाने पक्षी हाताळायचे नाहीत, फक्त बघायचे, आणि खुराडं त्याला एकट्याला उघडता येणार नाही असं हवं.

## टप्पा २: एक नव्हे, दोन जागा तयार करा

पहिली जागा कायमचं खुराडं. आत प्रत्येक कोंबडीला सुमारे ४ चौरस फूट आणि बाहेर फिरायला जाळीबंद आवारात ८ ते १० चौरस फूट धरा. बसायच्या दांडीवर प्रत्येकीला २० ते २५ सेंटिमीटर जागा लागते. दांडी अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंचावर हवी, कारण कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा निवडते. खोकं उंच ठेवलंत तर ती खोक्यात झोपेल, रात्रभर त्यातच घाण करेल आणि सकाळी त्यातच अंडं घालेल. साधारण ३० सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचं एक खोकं चार कोंबड्यांना पुरतं.

जाळी विकत घेताना बहुतेक जण फसतात. सहाकोनी भोकांची पातळ 'कोंबडीजाळी' कोंबडीला आत ठेवते, पण शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो, मुंगूस आणि साप भोकांतून येतात. १२ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक चौकोनी भोकांची वेल्डेड जाळी घ्या, आणि खालून उकरून कोणी येऊ नये म्हणून ती जमिनीत ३० सेंटिमीटर तरी गाडा किंवा बाहेरच्या बाजूला तितकीच आडवी पसरून माती टाका. दाराला नुसती आडवी कडी पुरत नाही. कडीला अडकवणी हवी.

हवा खेळती ठेवायच्या फटी बसलेल्या कोंबड्यांच्या डोक्याच्या वर, छपराखाली हव्यात. म्हणजे दमट हवा बाहेर जाते आणि पक्ष्यांच्या अंगावर झोत येत नाही. सकाळी दार उघडल्या उघडल्या खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया साठतोय: फटी वाढवा आणि खालचा भुसा बदला.

दुसरी जागा विलगीकरणाची, म्हणजे नवे पक्षी जुन्यांपासून वेगळे ठेवण्याची, आणि हीच लोक गाळतात. ती जुन्या खुराड्यापासून जमेल तितकी लांब हवी, १० मीटर मिळाले तर उत्तम. वाऱ्याची दिशा नव्यांकडून जुन्यांकडे नको. कुत्र्याचा मोठा पिंजरा, रिकामी शेड, काहीही चालतं. फक्त छप्पर, सावली आणि बंद होणारं दार पाहिजे. खाद्याचं भांडं, पाण्याचं भांडं, झाडू, खोरं आणि एक चपलांचा जोड, सगळं वेगळं. चपला पिंजऱ्याच्या दाराशीच ठेवा. घरातून घालून जाणार असाल तर त्या वेगळ्या ठेवण्यात अर्थ नाही.

इशारा: विलगीकरणाच्या पिंजऱ्यात मावतील त्याहून एकही पक्षी जास्त आणायचा नाही. मेळाव्यात मोह आवरायला याहून चांगला नियम मला माहीत नाही.

## टप्पा ३: मुलांची तयारी, पक्षी यायच्या आधी

पक्षी धरायचा कसा, हे सगळ्यात आधी शिकवा. माणसाच्या पोटात श्वासाचा पडदा असतो, पक्ष्याला तो नसतो. छातीचं हाड खाली-वर हलतं तेव्हाच त्याच्या आत हवा येते-जाते. मुलं प्रेमाने पिल्लाला दोन्ही हातांनी घट्ट धरतात, छातीशी आवळतात, आणि ते हाड हलायचं थांबतं. पिल्लू ओरडत नाही, धडपडतही नाही, गप्प होतं. मूल म्हणतं, 'बघ, किती शांत बसलंय!' अशा वेळी पिल्लू गुदमरत असतं.

शिकवायची पद्धत अशी: मूल जमिनीवर मांडी घालून बसलेलं. ओंजळ मांडीवर टेकलेली. पिल्लू मोठ्या माणसाने ओंजळीत ठेवायचं. दुसरा हात पिल्लाच्या पाठीवर छपरासारखा, न दाबता. पिल्लू उडी मारून पडलं तरी वीतभरच पडेल. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला पाच मिनिटांहून जास्त ऊबेबाहेर ठेवू नका, ते लगेच गारठतं. मोठी कोंबडी धरताना एक तळहात छातीच्या हाडाखाली टेका म्हणून, बोटांमध्ये पाय, दुसऱ्या हाताने पंख अंगाशी हलके धरलेले, आणि तिचं डोकं मुलाच्या तोंडापासून लांब. पाय धरून उलटं लटकवणं मुलांना अजिबात शिकवू नका, मोठी माणसं करतात तरीही.

हात धुण्याचा नियम एका ओळीचा ठेवा: कोंबडी, अंडं, भांडं, दार, यांपैकी कशालाही हात लागला की साबण लावून २० सेकंद. सॅनिटायझर हा बाहेर पाणी नसताना करायचा उपाय आहे, घाण लागलेल्या हातावर तो नीट काम करत नाही. पक्ष्याची पापी नाही, खुराड्याजवळ खाणंपिणं नाही, कोंबड्यांची भांडी स्वयंपाकघरात धुवायची नाहीत.

कामं वयाप्रमाणे वाटा. पाच ते सात वर्षांची मुलं मोठ्यांसोबत अंडी गोळा करू शकतात. आठच्या पुढची मुलं खाद्य-पाणी बघतील, पण दिवसातून एकदा मोठ्याने डोळ्याखालून घालायचंच. खुराडं खरवडून साफ करणं बारा वर्षांच्या आत नको, आणि कोणीही केलं तरी मास्क लावून. त्या धुळीत वाळलेली विष्ठा असते. विलगीकरणाचा पिंजरा मात्र कोणत्याच मुलाचं काम नाही.

## टप्पा ४: मेळाव्याचा दिवस

खुराड्यात घालायच्या चपला घालून जाऊ नका, आणि मेळाव्यात घातलेल्या चपला घेऊन खुराड्यात जाऊ नका. प्रत्येक देणाऱ्यासाठी वेगळं खोकं न्या. दोन घरच्या कोंबड्या एका खोक्यात घातल्या की विलगीकरणाचा हिशोब तिथेच बिघडतो. खोक्याला चारही बाजूंनी भोकं, तळाला जुनं गोणपाट किंवा जाड कापड, म्हणजे पाय घसरत नाहीत. अंड्यांचे ट्रे दुसऱ्याचे घेऊ नका, आपले देऊन परत आणू नका.

तुम्ही पक्षी देणार असाल तर आजाऱ्याला तर नेऊ नकाच, पण गेल्या महिनाभरात तुमच्या खुराड्यात कोणी आजारी होतं तर ठणठणीत दिसणारेही नेऊ नका. जन्माचा महिना, दिलेल्या लसी, चालू खाद्य आणि हल्ली दिलेली औषधं एका चिठ्ठीवर लिहून खोक्याला चिकटवा.

इशारा: तुमचाच जो पक्षी मेळाव्याला जाऊन न खपता परत येतो, तोही आता नवा पक्षी आहे. त्याने तिथली हवा घेतली, शेजारच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांजवळ बसला. त्यालाही विलगीकरणातच जायचं आहे. अनुभवी लोकही इथे चुकतात, कारण 'हा तर आपलाच' असं वाटतं.

मुलाला न्यायचं का? न्या, पण काम देऊन: कागदावर पुढच्या टप्प्यातल्या तपासणीची यादी आणि हातात पेन्सिल. मेळाव्यात मुलाने पक्ष्यांना हात लावायचा नाही, टेबलामागच्या माणसाला प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहायची. घ्यायचा की नाही हे मोठ्यांनी ठरवायचं, आणि मुलासमोर 'यातली कुठली आवडली?' असं आधी विचारायचं नाही. आवडलेल्या कोंबडीला नंतर तपासून 'नको' म्हणणं कुणालाच जमत नाही.

## टप्पा ५: पक्षी तपासणं, लांबून जवळ

आधी चार पावलांवर उभे राहा आणि दोन मिनिटं काही करू नका. निरोगी कोंबडी ताठ उभी असते, मान फिरवून बघते, टोचते, खरवडते. पिसं फुलवून, मान खांद्यात घालून, दिवसा डोळे मिटून बसलेली नको. ती नको म्हणजे तिच्या पिंजऱ्यातली दुसरीही नको, ती कितीही टुणटुणीत असली तरी. लोक आजारी सोडून शेजारची उचलतात. दोघी एकाच भांड्यातलं पाणी पीत असतात.

मग हात धुऊन पक्षी हातात घ्या आणि डोक्याकडून शेपटीकडे या.

डोळे चमकदार हवेत, कडेला फेस किंवा बुडबुडे नकोत. दोन्ही बाहुल्या गोल आणि सारख्या हव्यात. एका डोळ्याचा रंग राखाडी पडलेला आणि बाहुली वेडीवाकडी असेल तर मारेक्स या विषाणूजन्य आजाराची शंका घ्या. नाकपुड्या कोरड्या, चेहरा सुजलेला नाही, तोंडाला दुर्गंधी नाही. तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी) निळसर-जांभळट नकोत. फिका तुरा म्हणजे अंड्यावर नाही (अंडी देत नाही), पिसं गाळतेय किंवा परजीवी रक्त पितायत. कारण पुढे सापडतं. कोंबडीची पाठ कानाशी धरा: घरघर, खरखर ऐकू आली तर खाली ठेवा.

छातीचं मधलं हाड चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागलं तर पक्षी बराच काळ खंगलेला आहे. पिसांमुळे हे डोळ्यांना दिसत नाही, हातालाच कळतं.

आता पंखाखाली आणि गुदद्वाराभोवती पिसं फुंकर मारून बाजूला करा. इथे घाई करू नका. उवा पिवळसर, चपट्या असतात आणि उजेड पडताच पळतात. त्यांची अंडी पिसाच्या बुडाशी पांढऱ्या गुठळ्यांसारखी चिकटलेली असतात. माइट्स त्याहून बारीक, ठिपक्याएवढे. ते नुसते 'मळलेलं' वाटतं असा काळपट पट्टा गुदद्वाराजवळ उमटवतात. त्या पट्ट्यावर बोट फिरवून पांढऱ्या कागदावर घासा. ठिपके चालायला लागले तर उत्तर मिळालं. तांबडे माइट्स मात्र असे सापडत नाहीत, ते दिवसा लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री पक्ष्यावर चढतात. म्हणूनच दुसऱ्याचं जुनं लाकडी खुराडं, दांडी किंवा खोकं फुकट मिळालं तरी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

पायांचे खवले सपाट, चिकटलेले हवेत. उचललेले, भुरकट, जाडसर खवले म्हणजे पायाचे माइट्स. तळव्यावर काळी खपली आणि सूज असेल तर जखम आत पिकलेली असते.

'अंड्यावर आहे' हे खरं का? गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडांची टोकं लागतात. चालू अंड्यावरच्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन ते तीन बोटं मावतात आणि गुदद्वार मोठं, ओलसर असतं. तलंगेत किंवा अंडी थांबलेल्या कोंबडीत जेमतेम एक बोट, आणि गुदद्वार लहान, कोरडं. पिवळ्या कातडीच्या जातीत आणखी एक खूण: अंडी चालू असताना पिवळेपणा आधी गुदद्वाराभोवतीचा जातो, मग डोळ्याभोवतीचा, चोचीचा आणि शेवटी पायांचा. 'नवी तलंग' म्हणून दाखवलेल्या कोंबडीचे पाय पांढुरके पडलेले असतील तर ती बरीच अंडी घालून आलेली आहे.

विचारायचे प्रश्न: कधी जन्मली, कुठल्या लसी, गेल्या महिन्यात कळपात कोण आजारी किंवा मेलं, का देताय? मारेक्सची लस पिल्लाला जन्मतःच दिली तर उपयोगाची. घरी उबवलेल्या पिल्लांना ती बहुधा दिलेली नसते. लस दिलेला पक्षी सहसा आजारी पडत नाही, तरी विषाणू बाळगून पसरवू शकतो, हे तुमच्या बिनलशीच्या जुन्या कोंबड्यांसाठी लक्षात ठेवा. शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं तर हसून पुढे जा.

## टप्पा ६: वाट आणि पहिली रात्र

खोकी एकावर एक रचू नका, डिकीत बंद करू नका, उन्हात उभ्या गाडीत ठेवून चहाला थांबू नका. कोंबडीला घाम येत नाही. ती मुख्यतः धापा टाकून अंग गार करते. प्रवासात पाण्याचं भांडं सांडून खोकं ओलं होतं, त्यापेक्षा काकडी किंवा कलिंगडाचा तुकडा टाका.

घरी आल्यावर थेट विलगीकरणात. आधी पाणी. पाण्यात प्रत्येकीची चोच एकदा बुडवून दाखवा. आधीच्या घरचं थोडं खाद्य मागून आणलं असेल तर आठवडाभरात हळूहळू आपल्या खाद्यात मिसळत जा. मग स्वतःची अंघोळ, कपडे धुवायला, आणि त्यानंतरच जुन्या कोंबड्यांकडे जायचं. मुलांना त्या रात्री लांबूनच दाखवा.

## टप्पा ७: तीस दिवस

पूर्ण ३० दिवस. आठवड्याने 'छान दिसतायत' म्हणून सोडणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण आजार आत शिरल्यापासून दिसेपर्यंत काहींना दिवस लागतात, काहींना आठवडे.

कामाचा क्रम रोज एकच: आधी जुन्या कोंबड्या, मग नव्या, मग हात-पाय धुणं. उलट कधीच नाही. घाईची सकाळ असेल तर नव्यांचं काम संध्याकाळवर ढकला, पण क्रम मोडू नका.

विष्ठा बघायला शिका. नेहमीची घट्ट, तपकिरी-हिरवट, वर पांढरी टोपी. दर आठ-दहा शिटांमागे एक पातळ, चिकट, चॉकलेटी आणि घाण वासाची येते. तीही नेहमीचीच असते, पण ती पाहून लोक जुलाबाचं औषध सुरू करतात. रक्त, फेस किंवा सतत हिरवं पाणी दिसलं तर मात्र पशुवैद्याकडे. पहिल्या दहा दिवसांत ताज्या विष्ठेचा नमुना जंतांसाठी तपासून घ्या. सरसकट जंताचं औषध पाजण्यापेक्षा हे बरं. उवा-माइट्सवर औषध मारलं तर ७ ते १० दिवसांनी पुन्हा मारायचं, कारण पहिल्या वेळी अंडी मरत नाहीत. कुठल्याही औषधानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, ते डॉक्टरला विचारून पिंजऱ्यावर लिहून ठेवा.

तपासा: मधेच एकही पक्षी आजारी पडला तर तो बरा झाल्या दिवसापासून ३० परत मोजायचे.

एक मर्यादा मात्र आहे. मायकोप्लाझ्मासारख्या श्वसनाच्या आजारातून उठलेली कोंबडी वरून बरी दिसते आणि जंतू जन्मभर बाळगते. ती ३० दिवसांतही ओळखू येत नाही. काही जण शेवटच्या आठवड्यात जुन्यांपैकी एक कोंबडी नव्यांत ठेवून बघतात, तिला काही झालं नाही तर पुढे जातात. युक्ती जुनी आणि उपयोगी आहे, फक्त मुलाची लाडकी कोंबडी त्यासाठी उचलू नका.

## टप्पा ८: एकत्र करणं

आठवडाभर मध्ये जाळी ठेवून शेजारी. दिसायचं, ऐकू यायचं, टोचता यायचं नाही. मग अंधार पडल्यावर नव्यांना दांडीवर जुन्यांशेजारी ठेवा. एकटीला कधीच घालू नका, निदान दोघी. सकाळी लवकर उठून हजर राहा. खाद्य आणि पाणी दोन-दोन ठिकाणी, आणि आडोसे भरपूर: उभी फळी, फांद्या, उलटं खोकं. पण ज्यातून बाहेर पडायला एकच वाट आहे असा कोपरा नको.

पाठलाग, मानेवर एखादी टोच, पिसं उडणं, हे आठ-दहा दिवस चालणारच. मुलं घाबरून मध्ये पडतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. रक्त दिसलं की मात्र जखमीला लगेच बाजूला घ्या, कारण लाल रंगावर बाकीच्या तुटून पडतात. नव्या पोरी जुन्यांपेक्षा अंगाने खूप लहान असतील तर अजून काही आठवडे थांबा.

खाद्याची चूक इथेच होते. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात, म्हणजे लेयर मॅशमध्ये, साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. ते अंड्यावर न आलेल्या तलंगांच्या मूत्रपिंडांना मारक आहे. मिश्र कळपाला सगळ्यांना ग्रोअर मॅश (वाढत्या कोंबड्यांचं खाद्य) द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्यांना हवा त्या खातात, बाकीच्या सोडून देतात.

## टप्पा ९: पिल्लं किंवा उबवणीची अंडी आणली असतील तर

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सियस ऊब, मग दर आठवड्याला ३ अंशांनी कमी, पूर्ण पिसं येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे. थर्मामीटरपेक्षा पिल्लं जास्त खरं सांगतात: दिव्याखाली गर्दी म्हणजे थंडी, कडेला पंख पसरून धापा म्हणजे उकाडा, सगळीकडे विखुरलेली म्हणजे बरोबर. तळाला गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात. पाण्याच्या ताटलीत गोट्या टाका, नाहीतर बुडतात. गुदद्वार चिकटून बंद झालं असेल तर कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून सोडवा, ओढू नका. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण होते, तिचे जंतू ओल्या उबदार भुशात पिकतात. भुसा कोरडा ठेवणं हाच अर्धा उपाय.

इशारा: ऊबेचा दिवा दोन ठिकाणी बांधा. एक दोरी सुटली तर भुशावर पडलेला दिवा घर पेटवू शकतो.

अंडी आणलीत तर पक्ष्यांपेक्षा धोका कमी, पण शून्य नाही; मायकोप्लाझ्मा आणि पांढरी हगवण अंड्यातूनही येतात. अंडी धुऊ नका, टोक खाली करून ठेवा, प्रवासानंतर १२ ते २४ तास तशीच राहू द्या आणि घातल्यापासून सात दिवसांच्या आत उबवणीला लावा. २१ दिवस लागतात. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरून मुलांना आतल्या शिरा दाखवा. खुडूक (अंड्यांवर बसून ती उबवणारी) कोंबडी मिळाली तर मशीनच्या भानगडीत पडू नका.

## टप्पा १०: रोजचं, आणि अंड्यांचं

प्रत्येक कोंबडीला दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य, पाणी त्याच्या दुपटीहून जास्त आणि उन्हाळ्यात आणखी. खाद्य रात्री उचलून ठेवा, नाहीतर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. कच्ची कडधान्यं, बुरशी आलेलं काहीही, ॲव्होकाडोची साल आणि बी, चॉकलेट देऊ नका. मुलांना ही यादी तोंडपाठ करवा, कारण डब्यातलं उरलंसुरलं तीच टाकतात.

अंडी दिवसातून दोनदा उचला. थोडं मळलेलं अंडं कोरड्या कापडाने पुसा. धुवायचंच असेल तर अंड्यापेक्षा गरम पाण्याने आणि लगेच वापरा. गार पाण्यात अंडं आक्रसतं आणि बाहेरची घाण कवचाच्या छिद्रांतून आत ओढली जाते. तडकलेलं टाकून द्या. लहान मुलांना बलक पूर्ण घट्ट होईपर्यंत शिजवूनच.

दिवस लहान झाले किंवा पिसं गळायला लागली की अंडी कमी होतात, थांबतातही. तो आजार नाही. मुलाला रोज एका वहीत अंडी, खाद्य आणि वेगळं काही दिसलं तर ते लिहायला लावा. सगळ्यांची अंडी एकदम घटली आणि खाणंही कमी झालं, तर डॉक्टर पहिल्यांदा हीच वही मागतात.

एखादी मेलेली सापडली तर मुलांना लांब ठेवा, हातमोजे घालून दोन पिशव्यांत घाला, थंड जागी ठेवा, गोठवू नका, आणि त्याच दिवशी शवविच्छेदनाला द्या. एकापाठोपाठ दोन-तीन मेल्या तर कशालाही हात न लावता आधी पशुवैद्यकीय खात्याला कळवा, आणि निदान येईपर्यंत तुमच्या आवारातून पक्षी, अंडं, खत, काहीही बाहेर जाऊ देऊ नका.